तपासणीचे दोन दिवस

तपासणीची नोटीस आली त्या दिवशी आमच्या केंद्रात 118 माणसं राहत होती. आकडा पक्का लक्षात आहे, कारण उत्तराच्या पहिल्याच ओळीत तो लिहायचा होता. त्यातली 41 मुलं. सगळ्यात लहान मूल 19 दिवसांचं.

आयर्लंडच्या मध्यभागात, कालव्याकाठच्या एका छोट्या गावात पूर्वी एक हॉटेल होतं. आता तिथे आश्रय मागायला आलेली माणसं राहतात. झिम्बाब्वे, नायजेरिया, सोमालिया, जॉर्जिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान अशा कुठकुठल्या देशांतली. सरकारनं केंद्र चालवायचं कंत्राट एका खासगी कंपनीला दिलंय, आणि त्या कंपनीत मी रिसेप्शन ऑफिसर आहे. नावावरून मी काउंटरवर किल्ल्या देत असेन असं वाटेल, पण काम वेगळं आहे. नवीन आलेल्या माणसाला कशाची गरज आहे ते ओळखायचं: कुणी छळ सोसून आलंय, कुणी गरोदर आहे, कुणाच्या मुलाला बोलताच येत नाही, कुणाला रात्री झोप लागत नाही. मग शाळा, डॉक्टर, समुपदेशक, वकील यांच्याशी गाठ घालून द्यायची. पुण्यात एमएसडब्ल्यू करून मी सहा वर्षं एका बालगृहात होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि दोन वर्षांनी मला हे काम मिळालं.

हे पद मुळात तपासणीच्या निकषांमुळेच निर्माण झालं. आयर्लंडमध्ये आश्रयार्थींना राहायला जागा, जेवण आणि हातात थोडे पैसे देण्याची पद्धत 2000 साली सुरू झाली. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत पुढे वीस वर्षं तशीच राहिली. एका खोलीत अख्खं कुटुंब, ठरल्या वेळी ताट, आणि मोठ्या माणसाला आठवड्याला 19 युरो 10 सेंट. ही रक्कम पुढे वाढत वाढत 38 युरो 80 सेंट झाली. केंद्रांची पाहणी कोण करायचं? तर ज्या खात्यानं कंत्राट दिलं तेच खातं, किंवा त्यानंच पैसे देऊन नेमलेली कंपनी. 2015 मध्ये निवृत्त न्यायाधीश ब्रायन मॅकमहन यांच्या समितीनं 173 शिफारशी केल्या. पाहणी स्वतंत्र यंत्रणेनं करावी, ही त्यांतली एक. 2019 मध्ये राष्ट्रीय निकष छापले गेले आणि 2021 पासून ते लागू झाले. पण ते पाळले जातात की नाही हे बघायला बाहेरचं कुणी केंद्राच्या दारात यायला जानेवारी 2024 उजाडावा लागला. तेव्हापासून हे काम 'हिक्वा'कडे आहे. आरोग्य आणि सेवांची गुणवत्ता पाहणारी ही संस्था 2007 मध्ये स्थापन झाली. वृद्धाश्रमांची तपासणी तीच करते, आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या भारतीय नर्सेसना हे नाव चांगलंच परिचयाचं आहे.

नोटिशीनंतर आमच्याकडे जवळपास चार आठवडे होते. कागदपत्रांची यादी लांबलचक: धोक्यांची नोंदवही, तक्रारवही, घटनांच्या नोंदी, प्रत्येक कर्मचाऱ्याचा पोलीस पडताळणीचा दाखला, बालसंरक्षणाचं निवेदन, प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि त्यात कोण राहतं. शिवाय रहिवाशांसाठी प्रश्नावल्या होत्या. त्या भरून सीलबंद खोक्यात टाकायच्या, आम्ही उघडायच्या नाहीत.

मी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं. तपासणी म्हणजे काय, ते सांगितलं. पहिला प्रश्न एका सोमाली तरुणाचा होता: "हे लोक इमिग्रेशनचे का?" नाही, म्हटलं. तुमच्या अर्जाचा निर्णय घेणारं कार्यालय वेगळं, यांचा त्याच्याशी संबंध नाही. तो म्हणाला, "सगळे सरकारचेच ना?" सरकारनंच नेमलेली, पण सरकारच्या खात्याला प्रश्न विचारणारी संस्था असते, हे त्याला कसं समजवायचं? त्याच्या देशात असं काही त्यानं पाहिलेलं नव्हतं. मी तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. शेवटी तो मान हलवून उठला, पण प्रश्नावली टेबलावरच ठेवून गेला.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात कंपनीनं नव्या चादरींचे गठ्ठे पाठवले. ते पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या बालगृहातही समिती यायची तेव्हा कपाटातून नव्या चादरी निघायच्या, मुलांना इस्त्रीचे कपडे मिळायचे, दुपारी शिरा व्हायचा. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की संध्याकाळपर्यंत चादरी परत घड्या होऊन कपाटात. मुलं तेव्हा काही बोलायची नाहीत. आठ वर्षांच्या एका मुलीनं मात्र एकदा विचारलं होतं, "ताई, परत कधी येणारेत ते?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तिचा हात चादरीवरून फिरत होता, तेवढं आठवतं.

मी सरळ मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, या चादरी नंतर परत जाणार असतील तर घालायला नकोत. तो आयरिश, पन्नाशीचा, आधी हॉटेलं चालवलेला. थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, परत जाणार नाहीत, तसं मी लिहून देतो. त्यानं खरंच लिहून दिलं, आणि त्या चादरी आजही वापरात आहेत. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते वाचून तो वाईट माणूस वाटेल. तसा तो नाही.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दोघी तपासनीस आल्या. गळ्यात ओळखपत्रं, हातात लॅपटॉप, पायात चालायचे बूट. सुरुवातीच्या बैठकीत वीस मिनिटांत त्यांनी दोन दिवसांचं स्वरूप सांगितलं आणि म्हणाल्या, आधी इमारत बघू. कुठे जायचं ते त्याच ठरवत होत्या. मी बरोबर होते, पण एखाद्या खोलीत रहिवाशानं बोलावलं तर मी बाहेर थांबायचं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जिन्याजवळ आमचा सूचना फलक आहे. तपासणीची सूचना तिथेच लावली होती, आणि तिच्या शेजारी मुलांचे फोटो. फुटबॉल, ख्रिसमस, गणपतीचासुद्धा एक. मी शाडूचा छोटा गणपती केला होता आणि मुलं मोदक वळायला बसली होती. एका फोटोत झिम्बाब्वेचा एक मुलगा केकवर वाकलेला, मागे पताका आणि पताकेवर मोठ्ठा 10. त्याची आई नि चौदा वर्षांची बहीण दोन्ही बाजूंना. तो केक मी आणला होता.

दोघींपैकी वयानं मोठी होती ती त्या फोटोपुढे थांबली. छान फोटो आहे म्हणाली. कधीचा? जूनमधला, मी म्हटलं. तेव्हा ऑक्टोबर चालू होता. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "हा मुलगा झोपतो कुठे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं.

आयर्लंडचा 1966 चा घरबांधणी कायदा आहे. खोलीत दाटी झाली हे कधी मानायचं, याचे त्यात दोन निकष आहेत. एक, झोपायच्या खोलीत माणशी 400 घनफूट हवा हवी. छत कितीही उंच असलं तरी आठ फुटांपर्यंतचंच धरायचं, म्हणजे माणशी 50 चौरस फूट जमीन. दुसरा, पती-पत्नी नसलेल्या स्त्री-पुरुषांना, वय दहा किंवा त्याहून जास्त असेल तर, एकाच खोलीत झोपावं लागता कामा नये. मला हे पाठ होतं. खोल्यांचा तक्ता मीच बनवला होता. कुटुंब आलं तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता, खोली नियमात बसत होती, आणि तक्त्यात हिरवी खूण केली होती. त्यानंतर आमच्याच छताखाली तो मोठा होत होता, मी त्याला रोज बघत होते, त्याच्या शाळेच्या बुटांचं माप बदललं तेव्हा नवे बूटही मीच मिळवून दिले. दहावा वाढदिवस आम्ही साजरा केला, फोटो काढला, भिंतीवर लावला. तक्त्यातली खूण मात्र हिरवीच राहिली.

"आई आणि बहिणीबरोबर," मी म्हटलं. "एकाच खोलीत."

तिनं लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बघू या का ती खोली, आईची हरकत नसेल तर, असं विचारलं.

आईची हरकत नव्हती. मी बाहेर थांबले. पाऊण तास दार बंद होतं. आत काय बोलणं झालं ते मला पुढे अहवालातून कळलं, नाव न घेता लिहिलेल्या चार ओळींतून. मुलगी रोज कपडे बदलायला कॉरिडॉरच्या टोकाच्या बाथरूममध्ये जाते. मुलगा रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतो, तसं त्यानं स्वतःच ठरवलंय. आई दोघं झोपेपर्यंत दिवा लावत नाही. दोन वर्षं मी त्या बाईंशी आठवड्यातून दोनदा तरी बोलत होते. त्यांनी मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं, हा प्रश्न मला फार दिवस छळत राहिला. दुसऱ्या एका प्रसंगानं त्याचं अर्धं उत्तर दिलं.

पेशावरकडची एक बाई आमच्याकडे आहे. ती मला बाजी म्हणते, मी तिच्याशी हिंदीत बोलते आणि ती उर्दूत, आमचं छान जमतं. तपासनीस तिच्याशी बोलायला गेल्या तेव्हा तिनंच माझा हात धरला: बाजी दुभाष्याचं काम करतील. मी पुढे झालेही होते. तपासनीस म्हणाली, "नको, आम्ही फोनवर दुभाषी घेतो." मला चपराक बसल्यासारखं झालं. माझ्यावर विश्वास नाही? मी दार ओढून बाहेर आले आणि कॉरिडॉरमधल्या खिडकीशी उभी राहिले. तेव्हा हळूहळू डोक्यात उतरलं. खोली बदलून द्यायची शिफारस मी करते. मुलांचा प्रॅम, शाळेचा फॉर्म, डॉक्टरची वेळ, सगळं माझ्या हातून जातं. तिला माझ्याबद्दल तक्रार असेल तर ती माझ्याच तोंडून कशी जाईल? आणि तक्रार नसली तरी, "बाजीला वाईट वाटेल" एवढं कारण गप्प राहायला पुरेसं असतं. त्या आईनंही तेच केलं असणार. केक आणणाऱ्या माणसाला खोली अपुरी आहे असं कसं म्हणायचं?

त्या सोमाली तरुणानंही अखेर बोलायचं ठरवलं, पण तो दहा मिनिटांत बाहेर आला. मला म्हणाला, मी सांगितलं सगळं छान आहे. इथे येण्यापूर्वी तो डब्लिनच्या माउंट स्ट्रीटवर तंबूत होता. आश्रय-अर्जांचं कार्यालय तिथेच आहे. सरकारकडे जागा नव्हती म्हणून एकट्या पुरुषांना फुटपाथवर राहावं लागलं, 1 मे 2024 ला ते तंबू हटवले गेले. पावसात भिजलेल्या झोपायच्या पिशवीतून उठून आलेल्या माणसाला चार जणांची खोली छान वाटणारच. तपासनिसांनी त्याला फक्त "कसं आहे" असं विचारून सोडलं नव्हतं. दरवाजाला आतून कडी लागते का, सामान कुलपात ठेवता येतं का, रात्री झोप लागते का, असं एकेक विचारलं होतं. "कुलूप?" तो मला नंतर म्हणाला, "कुलूप मागता येतं हे मला माहीत नव्हतं."

दुसरा दिवस कागदांचा. तो फारसा सांगण्यासारखा नाही, दोन गोष्टी सोडून. रात्रपाळीच्या एका सुरक्षारक्षकाचा आयर्लंडमधला पोलीस दाखला होता, पण तो आधी ज्या देशात सहा वर्षं राहिला होता तिथला नव्हता. त्याला त्याच दिवशी मुलांच्या मजल्यावरच्या पाळीवरून काढलं. दुसरी गोष्ट तक्रारवहीची. नऊ महिन्यांत सहा तक्रारी. मॅनेजरनं अभिमानानं वही पुढे केली. तपासनिसांनी पानं चाळून विचारलं, 118 माणसं, 41 मुलं, एक सामायिक स्वयंपाकघर, आणि नऊ महिन्यांत सहाच? आठपैकी तीन ड्रायर बंद असल्याचं तर आम्हाला कालच नऊ जणांनी सांगितलं, ते यात का नाही? कारण ते लोकांनी आम्हाला तोंडी सांगितलं होतं, आम्ही "हो, बघतो" म्हटलं होतं, आणि आमच्या लेखी ती तक्रार नव्हती, बोलणं होतं.

संध्याकाळी चार वाजता शेवटची बैठक झाली. काय चांगलं, ते त्यांनी आधी सांगितलं: मुलांची शाळेतली हजेरी, स्वयंपाकघर, कर्मचाऱ्यांबद्दल रहिवाशांनी काढलेले आपुलकीचे शब्द. मग खोल्या. तशा आणखी दोन खोल्या त्यांना सापडल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, जागाच नाही, देशात घरांची टंचाई आहे, ज्यांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली त्यांनाही बाहेर घर मिळत नाही म्हणून ते इथेच आहेत. हे खरंच आहे, अशी हजारो माणसं देशभरच्या केंद्रांत अडकली आहेत. तपासनीस म्हणाली, ते आम्ही नोंदवू. मग थांबून तिनं विचारलं, "दुसऱ्या मजल्यावरची ती कोपऱ्यातली खोली कसली?"

ती खोली त्या कुटुंबाच्या खोलीला लागून होती. हॉटेल असताना दोन्हींच्या मध्ये दार होतं, ते फळी ठोकून बंद केलं होतं. आत गावातल्या लोकांनी दान दिलेल्या बाबागाड्या होत्या. चौदा.

बैठकीत कुणीच काही बोललं नाही. मी वहीत "14" असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली, का ते माहीत नाही.

अहवालाचा मसुदा काही आठवड्यांनी आला. त्यात तपशिलाची चूक असेल तर कळवायची मुभा असते, मताबद्दल हुज्जत घालायची नसते. प्रत्येक निकषापुढे चारपैकी एक शेरा: पूर्ण पालन, बऱ्याच अंशी पालन, अंशतः पालन, पालन नाही. निवासाच्या निकषापुढे शेवटचा शेरा होता. कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला, शब्द सौम्य करता येतील का ते बघा. मी म्हटलं, त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. मॅनेजरनंही तेच सांगितलं. आम्ही एक तपशील दुरुस्त केला, ड्रायर आठ नाहीत, नऊ आहेत. मग प्रत्येक त्रुटीपुढे काय करणार, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून दिलं. ते सगळं अहवालासोबत जाहीर झालं. आता कुणीही वाचू शकतं, रहिवासीसुद्धा. मी छापील प्रती जेवणाच्या हॉलमध्ये ठेवल्या. दोन दिवसांत संपल्या.

या व्यवस्थेत मला एक गोष्ट मुळीच मान्य नाही, आणि ती इथे सांगायलाच हवी. हिक्वा केंद्र बंद करू शकत नाही, दंड करू शकत नाही. ती लिहिते, जाहीर करते, सरकारला कळवते, एवढंच. आणि हेही फक्त कायम स्वरूपाच्या केंद्रांपुरतं. देशात 30 हजारांवर माणसं अशा निवासात राहतात, आणि त्यातली बहुसंख्य तात्पुरत्या म्हणवल्या जाणाऱ्या केंद्रांत आहेत: हॉटेलं, गोदामं, तंबू. जिथे दाटी जास्त, स्वयंपाकघर नाही, माझ्यासारखं पद असेलच याची खात्री नाही, तिथली दारं या तपासनिसांना उघडत नाहीत. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी अशा ठिकाणाहून एक कुटुंब आलं. त्यांचा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याचा दहावा आणि अकरावा वाढदिवस कुठल्या खोलीत गेला ते कुणीही लिहून ठेवलेलं नाही.

आमची कोपऱ्यातली खोली कंत्राटातल्या यादीत नव्हती. खात्याची मंजुरी, अग्निशमनाची तपासणी, खिडकीची दुरुस्ती, यात पाच आठवडे गेले. बाबागाड्या आम्ही अंगणातल्या शेडमध्ये नेल्या. मधल्या दाराची फळी काढली, दाराला दोन्ही बाजूंनी कडी लावली. मुलगा आत गेला, पलंगावर बसला, उठला, कडी लावून पाहिली, काढली, परत लावली. बहीण दुसऱ्या बाजूनं ओरडली, "बास ना!" आई माझ्याजवळ उभी होती. मी त्यांना म्हटलं, हे मला आधीच दिसायला हवं होतं, माझी चूक झाली. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही केक आणला होतात."

ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

तक्त्यात मी आता एक नवा रकाना केला आहे. प्रत्येक मुलापुढे ते दहा वर्षांचं कधी होणार ती तारीख, आणि त्याच्या तीन महिने आधीची तारीख लाल अक्षरात. येत्या वर्षात अशी चार नावं आहेत. पहिलं नाव आहे वडील आणि लहान भावाबरोबर राहणाऱ्या एका मुलीचं. तिची तारीख 6 मार्च, लाल अक्षरातली 6 डिसेंबर. तिच्या वडिलांना मी परवा भेटायला बोलावलं आहे. दुभाषी फोनवर असेल, आणि माझ्या जागी त्यांच्याशी दुसरी सहकारी बोलणार आहे.